कमळाबाईंचा भिंतीचा फोटो

विचुंब्याच्या जीवन भोपी यांचं सुकापूरच्या रस्त्यावर दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. अडकलेल्या वस्तू सोडवणं हाच त्यांचा धंदा. जाम झालेला पिस्टन, गंजलेला बोल्ट, चिकटलेला क्लच. हात काळे करायचे, जोर कुठं लावायचा ते ओळखायचं, वस्तू सुटते. गेल्या जानेवारीत त्यांच्या हातात जी वस्तू अडकली होती तिच्यावर जोर लावून चालत नव्हतं, आणि ती सुटेपर्यंत आई राहील की नाही हे कोणी सांगू शकत नव्हतं.

आई म्हणजे कमळाबाई. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. पनवेलच्या दवाखान्यातून त्यांना घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, आता जे मागतील ते द्या. घरच्यांना वाटलं, पथ्याला कंटाळलेली म्हातारी सुकटीची चटणी मागेल. हॉलमध्ये टाकलेल्या पलंगावर टेकल्यावर कमळाबाईंनी फोटो मागितला.

“माजा भिंतीचा फोटो काड,” त्या मुलाला म्हणाल्या. “तुज्या बापसाच्या डब्यानी.”

भिंतीचा फोटो म्हणजे माणूस गेल्यावर हार घालून लावायचा फोटो. जीवनचे वडील विठू भोपी हे या भागातले फोटोग्राफर. लग्नं, बारशी, साखरपुडे सगळं काढायचे, पण गावोगावच्या म्हाताऱ्यांना ते ठाऊक होते भिंतीच्या फोटोसाठी. घरातलं मोठं माणूस थकलं की विठूला बोलावणं जायचं. दारात खुर्ची, मागे काळी घोंगडी, डोक्यावर टोपी किंवा पदर, नजर सरळ कॅमेऱ्यात. फोटो काढून ठेवायचा. वेळ आली की मगच मोठा करून द्यायचा. ज्याचा फोटो असायचा त्यालाही हे माहीत असे आणि त्यात कोणाला वावगं वाटत नसे. विठूचा हट्ट एकच होता. गेलेल्या माणसाचा फोटो ते काढत नसत. एकदा मयताच्या घरून बोलावणं आलं, तर कॅमेऱ्याची तिवई खांद्यावर टाकून दारातूनच परत फिरले. “भिंतीवरनं त्यानी घराकडं बघायचं असतं,” ते म्हणाले. “मिटल्या डोल्यांनी काय बघनार?”

साऱ्या गावाचे असे फोटो काढणाऱ्या विठूनं बायकोचा मात्र काढला नाही. तिनं विचारलं की म्हणायचे, “तुजा काडला म्हंजे तुला जायची परवानगी दिली. नाय काडनार.” मग त्यांचं स्वतःचं छातीचं दुखणं बळावलं. एके सकाळी त्यांनी कॅमेरा तिवईवर लावला, सगळं जुळवलं, खुर्चीत जाऊन बसले आणि बटण कमळाबाईंना दाबायला लावलं. तोच फोटो आज हॉलच्या भिंतीवर आहे. कमळाबाईंनी आयुष्यात काढलेला एकुलता एक.

त्यामुळे मागणं काय होतं आणि मुदत किती होती, हे घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं. फोटो त्या डोळे उघडून बघत असताना निघायला हवा. नंतर निघाला तर तो भिंतीचा नाही.

तो डबा, म्हणजे विठूचा कॅमेरा, कपाटात वरच्या खणात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. दोन भिंगांचा जपानी कॅमेरा, एकावर एक भिंग. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. बाहेरून तो इतका स्वच्छ होता की जीवननी सुटकेचा श्वास सोडला. लहानपणी वडिलांची तिवई वाहिलेली असल्यामुळे वापर त्यांना आठवत होता. भिंगाखालचा बारीक खटका खाली ओढला, बटण दाबलं. आतून मऊ ‘टिक्’ असा आवाज आला. मागचं झाकण उघडून उजेडाकडे धरून त्यांनी पुन्हा दाबलं. खालच्या भिंगाच्या पोटात पाच पातळ पाती असतात. बटण दाबलं की ती क्षणभर उघडतात आणि मिटतात. ती हलली नाहीत. उजेडाचा टिपूसही आत आला नाही.

मुलगी मनस्वी कॉलेजात शिकते. तिला यात अडचणच दिसेना.

“आजी, इकडे बघ ना. मी फोनवर काढते, ब्लॅक अँड व्हाइट करते. आजोबांच्या फोटोसारखा सेम टू सेम.”

“तुज्या फोनात मी कवाची हाय,” कमळाबाई म्हणाल्या. “जेवताना हाय, घोरताना हाय, तोंडात कवळी नाय तवा पन हाय.”

“मग त्यातलाच एखादा...”

“कवळी नसलेला लावतेस भिंतीला? तुज्या लग्नाला पाव्हनं परत जातील.”

जीवननी दुसरा उपाय सुचवला. असाच कॅमेरा मुंबईत कोणाकडून तरी भाड्यानं मिळेल. कमळाबाई म्हणाल्या, “गावातल्या समद्या भिंती याच डब्यानी भरल्यात. मीच काय परकी हाय?”

मनस्वीनं फिल्मचा रोल ऑनलाइन मागवला आणि जीवन कॅमेरा घेऊन गॅरेजमध्ये गेले.

तिथं त्यांनी तेच केलं जे त्यांचे हात रोज करतात. गंज सोडवायच्या स्प्रेची नळी भिंगाच्या कडेच्या फटीत घातली आणि दाबली. बटण दाबून पाहिलं. पाती थरथरली, मधे बारीकशी फट दिसली, आणि तिथंच थांबली. आणखी एकदा स्प्रे मारला. आता फटही मिटली, भिंगाच्या आतल्या बाजूला धुकं धरलं आणि खटका ओढताना जड लागायला लागला. सकाळी कॅमेरा नुसता अडकलेला होता. दुपारी तो बिघडलेला होता.

मनस्वीनं शोधून दिलेल्या नंबरावर, मुंबईत फोर्टमधल्या एका कॅमेरा दुरुस्तीवाल्याला त्यांनी फोन लावला.

“काय मारलंत आत?” त्यानं विचारलं.

जीवननी सांगितलं.

“अहो, शटरची पाती कोरडी चालतात. कोरडी म्हणजे कोरडी. तेलाचा थेंब गेला की एकमेकींना चिकटतात, काचेवर ओली काच ठेवावी तशी. तुम्ही तर अंघोळच घातलीत.”

“गाडीला आम्ही...”

“ही गाडी नाही. घेऊन या, पंधरा दिवसांनी देतो.”

“पंधरा दिवस नाहीत.”

“का? लग्न आहे?”

“आई आहे,” जीवन म्हणाले आणि थोडक्यात सांगितलं.

त्या माणसाला सहानुभूतीचं बोलता येत नसावं. तो म्हणाला, कागद-पेन्सिल घ्या. समोरचं भिंग फिरवून निघतं. पक्कड लावू नका, रबर लावा. आत पाती दिसतील. त्यांना बोट लावू नका. घड्याळवाले वापरतात ते व्हाइट पेट्रोल आणा, कानात घालायच्या कापसाच्या काडीवर थेंबभर घ्या आणि पुसा. वाळू द्या. पुन्हा पुसा. ओलं असताना चालेल, वाळल्यावर पुन्हा चिकटेल, कारण आतलं तेल परत पात्यांवर उतरतं. “तेव्हा चाललं म्हणून नाचू नका. वाळल्यावर चाललं तर चाललं.”

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद राहिलं. जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल पसरून जीवन बसले. सायकलच्या ट्यूबचा तुकडा भिंगाच्या कडेवर दाबून हलक्या हातानं पीळ दिला. तिसऱ्या प्रयत्नाला भिंग सुटलं. आत पाती होती, नखाएवढी. ती काळी असायला हवी होती. त्यांच्यावर दाट पिवळा राप बसला होता आणि कडेच्या खाचेत लालसर कण रुतलेले होते. कापसाची पहिली काडी बाहेर आली ती पिवळी धमक.

पत्नी समीक्षा पाण्याचा तांब्या घेऊन चालली होती, ती थबकली. “हळद?”

जीवननी मान हलवली. दोघांना एकदमच कळलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली हत्यारं धुऊन-पुसून पुजायची रीत. भोप्यांच्या पाटावर कोयता, विळी, समीक्षाचं शिलाई मशीन, गॅरेजचे पाने आणि विठूचा कॅमेरा मांडला जातो. विठू होते तोवर कॅमेऱ्याची पूजा तेच करत, झाकणावर हळदीकुंकवाचं एक बोट, बस. ते गेल्यावर पूजा कमळाबाईंकडे आली.

“आईंना सांगू नका,” समीक्षा हळूच म्हणाली.

पण पलंग दहा पावलांवर होता आणि कमळाबाईंचे कान शाबूत होते. “काय रं, काय निंगालं?”

“काय नाय आये. गंज.”

“माज्या डब्याला गंज? दरसाल तेल घालते मी.”

जीवननी काडी खाली ठेवली. “कुटं घालतेस?”

“भोक दिसल तितं. भिंगाच्या कडंनी पन. कोयत्याला लागतं, मशिनीला लागतं, डब्यानी काय पाप केलंय? मंग हलदकुकू. भिंगालाच लावते, त्याचा डोला त्योच ना.” त्या थांबल्या. टेबलाकडे, टॉवेलवरच्या पिवळ्या काडीकडे बघत राहिल्या. मग आवाज उतरला. “त्यानीच अडकलंय का?”

खोटं बोलायला जीवनना वेळ मिळाला नाही. “तेल जरा जास्त झालं.”

“बाटली तूच आनून देतोस गॅरेजातनं.”

हेही खरं होतं. दर वर्षी जीवनच ती आणून देत, आणि शेजारी बसून आपल्या पान्यांना हळदीकुंकू लावत. कमळाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “म्हंजे माजा फोटो मीच अडवला,” त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. थोड्या वेळानं पुन्हा टेबलाकडे वळल्या आणि मुलाला दटावलं, “मंग बसलास काय माज्या तोंडाकडं बघत? गिऱ्हाइकाच्या गाडीला येवडा येल लावतोस का?”

ते त्यांचं शेवटचं सरळ, लांब बोलणं ठरलं.

फोर्टवाल्यानं सांगितलं होतं तसंच होत गेलं. पुसलं की पाती उघडत, मिटत, ‘टिक्-चिक्’ असा दुहेरी आवाज येई. पंख्याखाली वाळली की पुन्हा मुकी. आतून तेल उतरत राहिलं. वर्षानुवर्षांचं मशीनचं तेल, वर स्प्रे, वर हळद. काड्यांचा ढीग वाढला. पिवळ्या काड्या फिकट होत गेल्या पण पांढरी काडी काही निघेना. इकडे कमळाबाईंच्या पायांवर सूज चढली, उचकी लागली ती थांबेना, आणि शुद्ध कमी-जास्त व्हायला लागली. जाग आली की त्या हात उचलून खूण करत: झाला का? जीवन म्हणत, झाला, वाळतोय.

तिसऱ्या की चौथ्या वेळी हे ऐकून समीक्षानं ओला रुमाल बादलीत टाकला.

“आई तिथं हायत. तुमी इथं डब्याला चिकटलात.”

“मंग काय करू? तिनी दुसरं काय मागितलंय?”

“येऊन बसा. हात धरा.”

“हात धरून काय व्हनार?”

“आनि फोटो काढून काय व्हनार?” समीक्षा म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला.

जीवन उठले, पलंगाशी जाऊन बसले, आईचा हात धरला. कमळाबाईंनी डोळे न उघडता नाक आक्रसलं. जीवनच्या बोटांना पेट्रोलचा वास येत होता. पाच-दहा मिनिटं ते बसले. तेवढ्यात टेबलावरची पाती वाळली असतील हे त्यांच्या डोक्यातून जाईना. हात हळूच सोडवून ते परत गेले. समीक्षानं बघितलं.

त्या दुपारी पाती कोरडी असताना पहिल्यांदा उघडून मिटली. शटरच्या मोठ्या वेगांना नाही, कमी वेगालाही नाही, मधल्या एकाच आकड्यावर. जीवननी दहा वेळा खटका ओढला. आठ वेळा चाललं. एरवी त्यांनी अशी गाडी गिऱ्हाइकाला दिली नसती. त्यांनी भिंग बसवलं आणि दरम्यान आलेला रोल भरला.

कमळाबाईंना खुर्चीत बसवणं आता शक्य नव्हतं. पाठीला उशा लावून त्यांना उचलून धरलं, उशांवर घोंगडी पसरली, समीक्षानं केस विंचरून डोक्यावर पदर सारखा केला. मनस्वीनं कवळी बसवली. गॅलरीचं दार सताड उघडून उजेड घेतला. तिवई पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि जीवननी वरचं झाकण उघडून खाली मान घातली. काचेवर आईचा चेहरा होता, डावी-उजवी बाजू उलटलेला, डोळे मिटलेला.

“आये. आये, इकडं बघ.”

श्वास चालू होता. पापणी हलली नाही.

“आजी, फोटो काढतायत गं. तुझ्या डब्यानं,” मनस्वी कानाशी म्हणाली.

ते थांबले. उजेड पलंगावरून भिंतीकडे सरकायला लागला, तेव्हा तिघांनी पलंगच थोडा ओढला आणि जीवननी सगळं नव्यानं जुळवलं. शेजारची बाई बघायला आली, दारात उभी राहिली आणि परत गेली. समीक्षानं तळपाय चोळले. जीवन एकदा ओरडलेसुद्धा, “आये, डोले उघड!” आणि मग आपल्याच आवाजाला घाबरल्यासारखे मान खाली घालून पुन्हा काचेत बघू लागले. बटणावरचं बोट आखडलं म्हणून त्यांनी ते झटकलं, परत ठेवलं. फोटो मिटल्या डोळ्यांचाच काढून घ्यावा, असं त्या वेळात त्यांच्या मनात आलं, हे ते कबूल करतात. काढला नाही.

उजेड जायला आला असताना कमळाबाईंनी डोळे उघडले. कशानं, ते कोणाला कळलं नाही. त्या क्षणी कोणी हाक मारली नव्हती. नजर आधी वर गेली, मग खाली, तिवईवर. जीवननी बटण दाबलं.

‘टिक्.’

दुसरा आवाज आला नाही. पाती उघडली होती आणि मिटली नव्हती. जीवननी काही ठरवलं नाही, हात आपोआप पुढे गेला, तळवा भिंगावर बसला आणि उजेड अडला. तेवढ्या वेळात, एक सेकंद म्हणा, दोन म्हणा, कमळाबाईंच्या पापण्या पुन्हा खाली आल्या होत्या.

“झाकन आन,” ते समीक्षाला म्हणाले. भिंगाचं झाकण लावून त्यांनी रोल एक घर पुढे सरकवला आणि खटका ओढला. तो खाली आला नाही. जोर लावायची त्यांना धास्ती वाटली. थोडा लावला. तरी नाही.

कमळाबाईंनी नंतर डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

जीवन सुतकात होते, डोकं भादरलेलं. रोल घेऊन फोर्टला मनस्वी गेली. तिथल्या त्या दुरुस्तीवाल्यानं तो धुतला आणि निगेटिव्ह खिडकीशी धरली. एकच चौकट होती आणि ती जवळजवळ काळी होती. गरजेपेक्षा फार जास्त उजेड आत गेला होता. त्यानं मशीनवर न टाकता अंधाऱ्या खोलीत हातानं ती छापली, पुन्हा छापली, तिसऱ्यांदा छापली, आणि म्हणाला, याहून जास्त यात नाही.

घोंगडी करडी झाली आहे. उशा आणि पदराची कड पांढऱ्यात विरघळून गेली आहे, आणि डोकं कुठं संपतं ते नेमकं सांगता येत नाही. चेहरा फिका, पण आहे. कपाळ, नाक, गालांवरच्या सुरकुत्या. डोळे उघडेही आहेत आणि त्यांच्यावर, पातळ कापडासारखी, मिटलेली पापणीही आहे. त्या एक-दोन क्षणांत जे घडलं ते सगळं एकाच कागदावर उतरलं आहे.

गावच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला त्यावर मनस्वीच्या फोनमधला फोटो होता. रंगीत, स्पष्ट, कमळाबाई दात दाखवून हसतायत. बाराव्याला आलेल्यांना तोच आवडला. जेवणं उरकल्यावर जीवननी दुसरा फोटो, फ्रेम करून आणलेला, कागदातून काढला तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली. चुलतकाका बाळू भोपी यांच्या घरातले दोन फोटो विठूनं काढलेले आहेत. त्यांनी फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

“जीवन, ह्यो नको लावूस,” ते म्हणाले. “फोनातला लाव. हिचे डोले धड उघडे नाय नि धड मिटलेले नाय. विठू असता तं त्यानी ह्यो लावून दिला नसता.”

“बापूस असता तं त्यानी काडलाच नसता,” जीवन म्हणाले.

बाळूकाकांनी फ्रेम परत दिली. जीवननी स्टूल ओढलं, गॅरेजातून आणलेलं ड्रिल मशीन सॉकेटला लावलं आणि भिंतीवर खूण केली. भिंत काँक्रीटची होती. वेळ लागला.